धुऊन आणलेला डबा

आमच्या दवाखान्यात रोज संध्याकाळी पाचला एक गाडी येते, पिवळ्या पिशव्या न्यायला. ऑपरेशनमधून निघालेलं जे काही असेल, रक्ताचे बोळे, कापलेलं आतडं, सडलेला अंगठा, ते पिवळ्या पिशवीत बांधून त्या ड्रायव्हरच्या ताब्यात द्यायचं. बावीस वर्षं मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात आहे. मला ती गाडी आता दिसतसुद्धा नाही. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना मात्र ती चांगली दिसते, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. मूळ गोष्ट एवढीच, बाकीचा सगळा तिचा पसारा.

माझं नाव महिपत. मूळचा राजापूरकडचा. पगाराच्या कागदावर 'ओटी अटेंडंट' असं लिहिलेलं असतं, पण लोक वॉर्डबॉय म्हणतात. बावन्नाव्या वर्षी बॉय. असो.

अझीमला आणला तो सप्टेंबरात. मिरकरवाड्यातला, सत्तावीस वर्षांचा, बापाच्या बोटीवर खलाशी. जाळं ओढताना विंचचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा, दोर तुटला आणि लोखंडी कप्पी येऊन डाव्या कानाच्या वर बसली. आणला तेव्हा शुद्ध नव्हती. आमच्या डॉक्टर वेदिका मॅडम मेंदूच्या सर्जन. त्या फारसं बोलत नाहीत, बोलल्या तर एकदाच बोलतात. मेंदू सुजला होता आणि कवटीत त्याला जागा नव्हती. मॅडमनी डाव्या बाजूचं हाड कापून काढलं, तळहाताएवढा तुकडा, आणि वरून नुसती कातडी शिवून घेतली.

हे हाड टाकायचं नसतं. सूज उतरली की तीनचार महिन्यांनी तेच परत बसवायचं. तोवर ते उणे ऐंशी अंशांच्या थंडीत राहायला हवं, आणि तसला फ्रीज आमच्याकडे नाही. म्हणून आम्ही ते तीन पिशव्यांत सील करतो, थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवतो आणि अ‍ॅम्ब्युलन्सने कोल्हापूरला पाठवतो. तिथे हाडांची पेढी आहे. नियम असा, की डबा मी अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा आणि रजिस्टरात त्याची सही घ्यायची.

त्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स लांज्याला गेली होती. माझी ड्युटी चारला संपत होती आणि भाचीचा साखरपुडा होता. तासभर कुणासाठी थांबायचं? बाहेर बाकावर अझीमचा बाप बसला होता, अयूबचाचा. साठीचा तांडेल, बोट चालवण्यात जन्म गेलेला. डाव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन वीस वर्षांपूर्वी अशाच एका विंचने नेलेली. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "चाचा, ह्यात अझीमचं हाड आहे. जवळ ठेवा. पाचच्या सुमारास गाडी येईल, ड्रायव्हरच्या हातात द्या."

एवढंच म्हणालो. माझे शब्द मला आजही जसेच्या तसे पाठ आहेत, कारण नंतर मी ते शंभर वेळा उलटेपालटे करून पाहिले. कोल्हापूर हा शब्द त्यात कुठेही नव्हता. परत बसवायचं आहे, हेही नव्हतं. डब्याला चिट्ठी चिकटवलेली होती, पण ती इंग्रजीत.

पाचला गाडी आली, ती पिवळ्या पिशव्यांची. ड्रायव्हरने नेहमीसारख्या पिशव्या उचलल्या आणि मागे भिरकावल्या. अयूबचाचांनी ते बघितलं, उठले आणि डबा घेऊन फाटकाबाहेर पडले. अ‍ॅम्ब्युलन्स साडेपाचला परतली, तेव्हा बाकावर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओटीतली भांडी लावत होतो, तर चाचा दारात उभे. हातात तोच डबा. स्वच्छ धुतलेला, पुसून कोरडा केलेला, झाकण दोऱ्याने नीट बांधलेलं.

"हा तुझा डबा," ते म्हणाले. "तू गाडीत द्यायला सांगितलेलास, पण माझा जीव नाय झाला. रागावू नको."

"हाड कुठं आहे?"

"कब्रस्तानात. माझी बोटा हायत ना, त्यांच्या बाजूला."

त्यांच्यात जिवंत माणसाचा अवयव तुटला तर तो असा फेकत नाहीत. धुतात, पांढऱ्या कपड्यात गुंडाळतात आणि पुरतात. नमाज नसते, पण मातीचा मान असतो. चाचांची दोन बोटं तशीच पुरलेली होती. त्यांनी काही वेडेपणा केला नव्हता. लेकराचं हाड कचऱ्याच्या गाडीत जाऊ दिलं नाही, आणि दवाखान्याची वस्तू दवाखान्याला धुऊन आणून दिली.

मी स्टुलावर बसलो आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. ते हाड टाकायचं नव्हतं. कोल्हापूरला जायचं होतं. तीनचार महिन्यांनी अझीमच्या डोक्यात परत बसायचं होतं. त्यांचा चेहरा कसा झाला, ते मी सांगत बसत नाही.

मग मी जे बोललो, त्याची मला लाज वाटते. त्यांचा पोरगा वरच्या मजल्यावर मशीनवर श्वास घेत होता आणि मी त्यांना म्हणालो, "चाचा, माझी नोकरी जाईल हो."

अर्ध्या तासाने वेदिका मॅडम राऊंडला आल्या. चाचा स्वतःच पुढे झाले. म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ह्यानं मना सगळा सांगितलेला. कोल्हापूर पण बोल्लेला. माझ्याच डोक्यात शिरला नाय." मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो. आमच्या ओटीत फरशी फार चांगली बसवलेली आहे.

अझीम सहाव्या दिवशी डोळे उघडून बघू लागला, विसाव्या दिवशी चालत घरी गेला. मी मनाशी म्हटलं, चला, निभावलं. चाचा घरी तरी खरं सांगतीलच, आपल्या माणसांत कोण खोटं बोलतं? मी काही संत नाही. वर्षाचे तीनशे दिवस दुसऱ्यांची दुखणी बघणाऱ्या माणसाला स्वतःचं एक दुखणं बाजूला सारता येतं.

जानेवारीत अझीम दाखवायला आला. डोक्यावर लोकरीची टोपी. मॅडमनी ती काढायला लावली. डावी बाजू आत गेलेली, हवा काढल्यावर फुटबॉल जातो तशी. उभा राहिला की त्याला चक्कर येई, खाली वाकला की डोकं ठणके. बोटीवर जाणं सोडाच, मोटारसायकलवर मागे बसायलाही मॅडमनी बंदी घातली होती. बरोबर त्याची आई होती, रझियाचाची. चाचा बाहेर बसले होते. मी सीटी स्कॅनचे फोटो दिव्यावर लावत होतो.

मॅडमनी समजावून सांगितलं. मूळचं हाड नाही, तर त्या जागी बनवलेलं बसवायचं. टायटॅनियमची जाळी कवटीच्या आकारात वाकवून मुंबईहून येईल. तिच्यावर कॅल्शियम फॉस्फेटचा लेप द्यायचा. पूड आणि पाणी मिसळायचं, लेप थापायचा, थोड्या मिनिटांत तो दगडासारखा होतो.

रझियाचाचींनी पदर सावरत विचारलं, "ह्या कुणाचा हाड? जनावराचा तर नाय ना? बाई, आमच्यात चालत नाय, म्हणून इचारतंय."

"चांगलं विचारलंत," मॅडम म्हणाल्या. "जनावरांच्या हाडापासून केलेले लेपही मिळतात. हा तसला नाही. हा कुणाचाच नाही, कारखान्यात तयार करतात. आपलं हाड ज्याचं बनलेलं असतं, जवळजवळ तेच ह्यात असतं, म्हणून शरीर त्याला सहसा परकं धरत नाही. कडेकडेने स्वतःचं हाड हळूहळू त्यात शिरतंसुद्धा. सगळ्यांचं सारखं होत नाही, वेळही फार लागतो. जंतूंचा धोका असतो, तोही सांगून ठेवते."

चाचींना पटलं असं दिसलं. अझीमला नाही.

"मना नको," तो म्हणाला. "माझा हाड उकरून आणा नि तोच बसवा."

"चार महिने मातीत गेलेलं हाड मी डोक्यात ठेवणार नाही."

"मग ऱ्हाऊ दे खड्डा. अब्बांनी बघू दे रोज." तो खुर्चीत पुढे सरकला. माझ्याकडे बोट केलं. "डॉक्टर, ह्या काकांनी अब्बाना तीनदा सांगितलेला. कोल्हापूरला न्यायचाय, परत बसवायचाय. अब्बा स्वता बोल्ले मना. तीनदा ऐकून पण ते गेले नि पुरून आले. मी वर मशीनवर होतो, मेलो नव्हतो. त्यांना घाई झालेली मना पुरायची."

"असा बोलू नको रे," चाची म्हणाल्या.

"मग कसा बोलू? निम्मा पुरलाच ना!" तो उठला, चक्कर आली म्हणून टेबलाला धरून उभा राहिला, मग टोपी घालून बाहेर गेला. बाकावर बसलेल्या बापाकडे त्याने पाहिलंही नाही. चाची मागोमाग गेल्या. चाचा दोघांच्या मागे चार पावलं ठेवून चालत राहिले. चार महिने हे असंच चाललं होतं, हे मला तेव्हा कळलं.

तीनदा. मी एकदाही म्हटलं नव्हतं आणि चाचांनी घरी तीनदाचं करून सांगितलं होतं. माझ्यासाठी त्यांनी डॉक्टरांशी खोटं बोलणं मी समजू शकत होतो. पोटच्या पोराशीही ते तेच खोटं धरून बसतील, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहतील, हे माझ्या कल्पनेत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, त्या खोलीत मी तेव्हाही गप्पच राहिलो. सीटीचे फोटो काढले, पाकिटात घातले.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो, म्हणजे दुखणं कुठे आहे ते तिला कळलं. रविवारी दुपारी मी मिरकरवाड्यात गेलो.

चाचा पडवीत जाळं विणत बसले होते. तीन बोटांत जाळ्याचा पदर, उजव्या हातात सुई. मला बघून सुई थांबली.

"ये. चाय पी," ते म्हणाले, आणि मग हळूच, "चाय पी आणि जा. दुसरा काय बोलू नको."

"बोलायलाच आलोय."

"कशाला हात दाखवून अवलक्षण करतोस?"

मी आत गेलो. अझीम खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, चाची चुलीकडे होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा गप्प झालो असतो. साखरपुडा सांगितला. पाचची गाडी सांगितली, पिवळ्या पिशव्या सांगितल्या. "तुझ्या वडलांना वाटलं, मी तुझं हाड कचऱ्यात द्यायला सांगतोय. म्हणून ते घेऊन गेले. कोल्हापूर मी बोललोच नव्हतो."

अझीमने विचारलं, "तीनदा बोल्लात ना?"

"एकदाही नाही."

चाचींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. अझीम खाटेवरून उठला आणि भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेला. पडवीत चाचा मान खाली घालून गाठी मारत होते.

"अब्बा, मना खोटा का सांगितलात?"

चाचांनी गाठ पुरी केली. "ह्याच्या घरी खाणारी तोंडा हायत. तुझा हाड गेला तो गेला. ह्याची नोकरी घालवून परत येणार होता काय?"

"निदान मना तरी सांगायचा!"

"तू गप ऱ्हायला असतास? दवाखान्यात जाऊन ह्याची गचांडी धरली असतीस." हे खरं होतं. चाचा पुढे म्हणाले, "एकाला एक सांगायचा नि दुसऱ्याला दुसरा, ह्या मना जमत नाय."

"चार महिने मी तुमच्याशी बोललो नाय, अब्बा."

"बोलशील म्हटला कधीतरी."

अझीमला चक्कर आली की रडू आलं, मला सांगता येणार नाही. तो भिंतीच्या बाजूला कलंडला. चाचांनी जाळं टाकलं आणि त्याला धरलं, त्याच तीन बोटांच्या हाताने, डोक्याची डावी बाजू भिंतीला लागू नये म्हणून तळवा मध्ये घालून. दोघं जाळ्यावरच बसले. मी बाजूला उभा होतो, मला कुणी बस म्हणालं नाही आणि ते योग्यच होतं.

मग अझीम टोपी नीट करत म्हणाला, "काका, डॉक्टरना सांगा. तारीख द्या म्हणावा."

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या फाइलमधून मान वर न करता म्हणाल्या, "मला अंदाज होता." मग म्हणाल्या, "मेमो मिळेल. ऑपरेशननंतर. आत्ता मला माणूस हवाय." मेमो मिळाला. पगारवाढ अडली. नोकरी राहिली. चार महिने ज्याला घाबरत होतो ते प्रत्यक्षात एवढंच होतं.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. मॅडमनी जुन्या टाक्याच्या रेषेवरून कातडी उघडली, आतला पडदा जपत जपत सोडवला आणि जाळी कडेच्या हाडाला बारीक स्क्रूंनी बसवली. मग लेपाची वेळ आली. तिथे रक्ताचा थेंब चालत नाही, ओल राहिली तर लेप धरत नाही. एरवी कुजबूज चालते, तीही थांबली. सिस्टरने पुडी फोडली, वाटीत पूड घातली, वरून द्रव घातला आणि घोटायला लागली. माझं काम घड्याळ बघायचं आणि मिनिटं मोठ्याने सांगायची. उकडीचं पीठ मळून होतं तसं ते दिसायला लागलं, तेव्हा मॅडमनी ते घेतलं आणि जाळीवर थापलं, बोटाने कडा जुळवल्या, उजव्या बाजूशी ताडून पाहिलं, पुन्हा थापलं. वाटीतलं उरलेलं सिस्टरने माझ्या हातमोज्यावर ठेवलं. आत हात लावून बघता येत नाही, म्हणून उरलेल्या गोळीवर बघायचं, घट्ट झाली की आतलंही झालं.

"चार," मी म्हणालो. "पाच." गोळीवर अंगठा दाबला तर ठसा उमटला. "सहा. सात." आठव्या मिनिटाला ठसा उमटला नाही. "झालं," मी म्हणालो, आणि माझा आवाज जरा मोठाच निघाला. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टाके घालायला घेतले.

बाहेर आलो तेव्हा पाचला थोडी मिनिटं कमी होती. अयूबचाचा त्याच बाकावर बसले होते. मला बघून उठले. त्यांच्या हातात पांढऱ्या कपड्याची घडी होती, कोरी, इस्त्री केलेली.

"कसा हाय?"

"चांगला आहे. तासाभरात बघायला मिळेल."

त्यांनी मान हलवली. घडी दोन्ही हातांत पुढे धरली. "ह्या टायमाला काय निघाला असेल तर नीट सांग मना. कोल्हापूरला न्यायचा तर कोल्हापूरला नेतो. पुरायचा तर पुरतो. तू बोलशील तसा."

फाटकातून पिवळ्या पिशव्यांची गाडी आत वळली. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्या वेळी काही काढलं नाही, चाचा," मी म्हणालो. "घातलंय फक्त."

त्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. मी खिशातली गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "हे उरलेलं. कुणाचं नाही हे. पुरायची गरज नाही."

त्यांनी ती चिमटीत धरून बाकाच्या लोखंडावर आपटून पाहिली. टक् असा आवाज आला. पुन्हा आपटली. "घट्ट हाय," ते म्हणाले आणि गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली. मग हातातल्या कपड्याचं काय करावं ते त्यांना सुचेना. त्यांनी घडी मोडली आणि त्या कपड्याने आधी डोळे पुसले, मग सगळा चेहरा.

पुसून झाल्यावर तो कपडा त्यांनी माझ्याकडे दिला. मलाही तो हवाच होता.